राखीव गटातून

देऊळघाट,
१२ सप्टेंबर १९८२

चि. बेबी हिस अनेक आशीर्वाद.

तुझे कार्ड पोचले. ‘रिलेच्या संघात निवड झाली. बाकी खुशाल.’ दिल्लीत एशियाड भरणार, तेहतीस देशांचे खेळाडू येणार, त्यात आपल्या देऊळघाटच्या इंद्रभान इंगळ्याची मुलगी असणार, आणि ही बातमी तू ‘बाकी खुशाल’च्या मांडीला मांडी लावून बसवलीस. असे लिहायला तुला मीच शिकवले असेल, तर सरकारने माझी पेन्शन परत घ्यावी.

कार्ड घेऊन मी स्वतः तुमच्या घरी गेले. तुझ्या वडिलांनी ते वाचले, मला परत दिले, आणि मी दारापर्यंत आले तर पुन्हा मागून घेतले. अजून त्यांच्याकडेच आहे. एवढे चांगले झाले. आता पुढचे पत्र मी रागात लिहीत आहे, तेव्हा नीट वाच.

काल बुलढाण्याचे साप्ताहिक आले. आमचे बंधुराज शेषराव ओट्यावर बसून साऱ्या आळीला ऐकू जाईल असे वाचत होते. ‘कु. बेबी इंगळे यांची एशियाडसाठी राखीव गटातून निवड.’ मग मला हाक मारून म्हणाले, “घे वं कोकिळे, तुह्या पोट्टीचं आलं पेपरात. पायानं नाही धावून राह्यली ते, दाखल्यानं धावून राह्यली.”

वहिनी म्हणाल्या, “जाऊ द्या नं. भेटलं तं भेटलं बापा तिले.”

मी दोघांनाही सांगितले की शर्यतीतले घड्याळ कुणाची जात विचारत नाही. आत आले, पेपर स्वतः वाचला, आणि तिथे तसेच छापलेले होते.

बेबी, तुझ्या कार्डात ‘राखीव’ हा शब्द नाही. का नाही? लपवण्यासारखे काही नसते तेव्हा माणूस लपवत नाही. नागपूरला आमच्या कॉन्व्हेंटमध्ये दर महिन्याला मार्कांप्रमाणे बाके बदलत. सिस्टर बेनेडिक्टा यादी वाचत आणि आम्ही दप्तरे उचलून नव्या जागी जात असू. मागे गेलेल्या मुली रडत, पण तक्रार कुणाची नसे. जागा मिळवायची ती अशी. बुलढाण्याच्या शाळेत मुलींना खेळाचा तास नव्हता, तेव्हा मी इंग्रजीचा तास मोडून तुला रस्त्याने पळवले ते यासाठी. दुसरीकडून काढून घेतलेल्या जागेवर बसणारी मुलगी माझ्या वर्गातली नव्हे.

उत्तर लगेच पाठव. कार्ड नको, पत्र पाठव.

तुझी,
कोकिळा मापारी


पतियाळा,
२५ सप्टेंबर १९८२

ती. बाईंना सविनय जयभीम.

पत्र मिळाले.

रिलेत चौघी धावतात. पाचवी तयार ठेवतात. चौघींतल्या कोणाला ताप आला, पाय मुरगळला, तर तिच्या जागी ती धावते. तिला इकडे रिझर्व म्हणतात. पेपरवाल्यांनी ते कुठून तरी ऐकले आणि राखीव गट करून टाकला. असा गट इथे नाही. चाचणीत मी पाचवी आले. चौथीच्या मागे, हातभर.

कार्डात लिहिले नाही ते म्हणून. मी लपवले तर पाचवी असणे लपवले. तुम्ही दुसरेच शोधून काढले.

अजून एक लिहिते. आमचे जानरावकाका पोस्टात राखीव जागेवर लागले. उन्हात, पावसात सायकलवर गावोगाव फिरतात, त्यांच्या हातून कोणाचे पत्र हरवल्याचे मी ऐकले नाही. हे पत्रही तुम्हाला तेच आणून देतील. मला तशी जागा मिळाली असती तर तिची लाज वाटली नसती. पण ही ती नव्हे.

इथे मराठी बोलणारे कोणी नाही. माझ्या हिंदीला सगळ्या हसतात. ‘क्यों’ म्हणायचे तिथे “मेरे को काऊन बुलाया” असे एकदा तोंडातून गेले, तेव्हापासून मला सगळ्या ‘काऊन’च म्हणतात. खोलीत माझ्याबरोबर केरळची अन्नम्मा आहे. दुसरा टप्पा तिचा. ती देवाचे पुस्तक वाचते आणि मी भिंत पाहते. सकाळी आम्ही पाची जणी सारख्याच धावतो. दांडी हातात द्यायचा सराव सुरू झाला की सर मला म्हणतात, तू बैठ. मग मी बसते. बसायचा सराव माझा चांगला झाला आहे.

बाबांना पाचवीचे सांगू नका.

आपली विद्यार्थिनी,
बेबी इंगळे


देऊळघाट,
६ ऑक्टोबर १९८२

चि. बेबी हिस आशीर्वाद.

पत्राच्या माथ्यावर तू जयभीम लिहिलास. शाळा सोडल्यापासून नमस्कार लिहीत होतीस. वाचला. जयभीम.

जानरावाबद्दल लिहिलेस ते खरे आहे. पत्र त्यानेच आणून दिले. मी ते त्याच्यासमोर उघडले नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने बुलढाण्याला जाऊन त्या साप्ताहिकाच्या छापखान्यात शिरले. संपादक उकंडराव चहा पीत होते. मी अंक पुढे टाकला.

ते म्हणाले, “बाई, रिझर्व म्हंजे राखीवच नं?”

“मग रिझर्व्ह बँकेला राखीव बँक म्हणता का? आणि तुम्ही नागपूरच्या गाडीत बर्थ रिझर्व्ह करता, तेव्हा टी.सी. जातीचा दाखला मागतो का?”

“तसं नाही नं बाई. राखीव आमी लिवलं, कबूल. पन ‘गटातून’ हे कंपोजिटरनं टाकलं. लाइन भरत नोहोती.”

लाइन भरत नव्हती! एका मुलीच्या घामावर यांनी खिळे जुळवून ओळ भरली. मी तिथेच त्यांना ‘सब्स्टिट्यूट’ या शब्दाचा अर्थ फळ्याशिवाय शिकवला. चूक दुरुस्त करण्याचे वचन घेऊन आले. परवाच्या अंकात, हरवलेल्या बैलाच्या जाहिरातीखाली, ही दुरुस्ती आहे: ‘कु. इंगळे यांच्या बातमीत राखीव गट असे छापले गेले, तेथे जादा असे वाचावे.’

जादा! शेषरावांना नवा विषय मिळाला. “जादा म्हंजे मोटारीत सीटा भरल्यावर दांडा धरून उभी राह्यते, ते.” त्यांच्या या विनोदाला आळीतली चार माणसे हसली. मी त्यांच्याशी बोलणे बंद केले आहे. ताट आतून येते, मी माझ्या खोलीत जेवते. फार काही बिघडलेले नाही. निवृत्त झाल्यापासून माझ्याशी दिवसभर बोलतो तो रेडिओ, तो अजूनही बोलतो.

मागच्या पत्रात मी लिहिले ते बातमीवरून लिहिले. बातमी चुकीची होती. हे एवढे पुरे आहे असे समज.

वडिलांना पाचवीचे सांगितले नाही. पण शर्यतीच्या दिवशी रेडिओ ओट्यावर ठेवून साऱ्या गावाला ऐकवायचा, असे मी जाहीर करून बसले आहे. तेव्हा आता तुझ्यावर आहे. पायांना तेल लाव आणि भिंत पाहत बसू नकोस.

तुझी,
कोकिळा मापारी


दिल्ली,
१६ नोव्हेंबर १९८२

ती. बाईंना जयभीम.

आम्ही खेळग्रामात आलो. इथे सगळे नवीन आहे, भिंतीला हात लावला तर रंगाचा वास येतो. रस्त्यांवरून रस्ते गेले आहेत, त्याला फ्लायओव्हर म्हणतात. उद्घाटनासाठी केरळहून हत्ती आले आहेत. अन्नम्मा त्यांना पाहून रडली. म्हणाली, माझ्या गावचे कोणीतरी आले. आपल्याकडचे काय येणार, मी विचार करत बसले. येऊन येऊन कापूस येईल, तोही गाठोड्यात.

जेवणघरात एवढी माणसे जेवतात, पण कोणी ओरडत नाही. जपानच्या मुली जाताना खुर्ची आत सरकवतात. आपल्याकडच्या एका बाईंनी आम्हाला सांगितले, तुम्ही यजमान आहात, पाहुण्यांकडे पाहून हसा. मी हसते. दिवसभर हसून गाल दुखतात. संध्याकाळी खोलीत येते तेव्हा लक्षात येते की आज कोणाशी एक शब्द बोलले नाही.

आता खरी गोष्ट. परवा सरावात अन्नम्माच्या मांडीचा स्नायू धरला. वळणावर ती एकदम खाली बसली. डॉक्टरांनी पट्टी बांधली. सर माझ्याकडे आले आणि पहिल्यांदा त्यांनी मला काऊन म्हटले नाही. “इंगळे, तैयार रहना.” आज दांडीचा सराव माझ्याबरोबर झाला. पहिलीच्या हातून दांडी माझ्या हातात आली तेव्हा मले अंगावर काटा आला. मले नाही, मला. तुम्ही लाल शाई काढाल.

बाई, मी धावेन असे वाटते. बाबांना सांगा. नाही, सांगू नका. सांगा.

आपली,
बेबी


देऊळघाट,
२ डिसेंबर १९८२

चि. बेबी हिस आशीर्वाद.

काय झाले?

हे पत्र मी याच दोन शब्दांचे पाठवणार होते. पण इथे जे झाले ते तुला कळले पाहिजे.

तुझे पत्र आल्यावर मी वडिलांना सांगितले. आईलाही. मग देऊळघाटात न सांगितलेला कोणी राहिला नाही. शर्यतीच्या दिवशी माझा रेडिओ ओट्यावर टेबल टाकून ठेवला. तुमच्या वस्तीतली माणसे आली. वहिनींनी आतून गोणपाट पाठवले. मी ते परत पाठवले आणि माझ्या खोलीतल्या दोन्ही खुर्च्या, पलंगावरची सतरंजी आणि पाट बाहेर काढले. शेषराव सुपारी कातरत होते. ते म्हणाले, “बस नं बे इंद्रभान. बाईनं खुर्ची काढली तं तिचा मान ठेव.” माझ्याशी दोन महिन्यांनी बोललेले हे पहिले वाक्य, तेही दुसऱ्याच्या नावाने.

तुझे वडील बसले नाहीत. खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. तुझी आई बनाबाई पायरीवर बसली.

समालोचन आधी हिंदीत, मग इंग्रजीत. खरखर इतकी की माणूस समालोचन करतो आहे की ज्वारी पाखडतो आहे ते कळेना. मग त्याने आपल्या चौघींची नावे घेतली. मी कान लावला. दुसरे नाव अन्नम्मा. मला वाटले ऐकण्यात चूक झाली. इंग्रजीत पुन्हा घेतली. तीच चार.

बनाबाईने विचारले, “बेबीचं नाव निघालं का बाई?”

“अजून नाही,” मी म्हणाले. दुसरे काय म्हणणार होते?

शर्यत झाली. निकाल तुला माहीत आहे. टाळ्या थांबल्या, तो माणूस दुसऱ्याच कुठल्या खेळाकडे वळला. आणि तुझी आई मला म्हणाली, “आता निघन का?”

आमच्या आळीतला कचरू मागून बोलला, “राखीवले बी जागा भेटली नाही म्हना!” मी त्याला विचारले, “कचरू, तू सातवीत तीन वर्षे बसला होतास, ती जागा कोणत्या गटातली होती?” लोक हसले. पण ते हसू कुणाच्या कामाचे नव्हते.

तुझ्या वडिलांनी खुर्ची सोडली. “मोटारीत जागा नसन तं पुढच्या मोटारीनं जा लागते, बाई. चाल वं.” आणि दोघे गेले. मागोमाग सगळे गेले. सतरंजी मी झटकली आणि आत नेली.

सरांनी तुला तयार राहायला सांगितले होते. दांडी तुझ्या हातात आली होती. मग तुला कुणी बसवले? नाव लिही. मी गप्प बसणार नाही.

तुझी,
कोकिळा मापारी


देऊळघाट,
२१ डिसेंबर १९८२

चि. बेबी हिस आशीर्वाद.

तुझे उत्तर नाही. जानराव रोज दारावरून जातो आणि सायकलवरूनच मान हलवतो. आता तर तो माझ्या दाराशी आला की दुसरीकडे पाहतो.

भुसावळहून निघणाऱ्या पॅसेंजरने येतेस असे तू घरी कळवले होतेस. तुझे वडील आणि जानराव आदल्या दिवशीच नांदुऱ्याला गेले. झेंडूचा हार होता. गाडी आली, थांबली, गेली. तू उतरली नाहीस. दोघे स्टेशनावर पुढच्या गाडीपर्यंत बसून राहिले, त्या गाडीतही तू नव्हतीस. हार त्यांनी परत आणला. बनाबाईने तो बाबासाहेबांच्या फोटोला घातला.

परवा त्यांना तुझे कार्ड आले: नागपूरला कॉलेजच्या वसतिगृहात आहे, खुशाल. खुशाल हा शब्द मराठीतून काढून टाकावा असे मला वाटू लागले आहे.

शेषराव काही बोलत नाहीत. तेही बरे नाही. बोलत होते तेव्हा निदान भांडायला कुणी होते.

पत्र लिही. शिव्या दे हवे तर.

कोकिळा मापारी


नागपूर,
९ जानेवारी १९८३

ती. बाईंना जयभीम.

त्या गाडीत मी होते. नांदुरा आले तेव्हा दारापाशी बॅग घेऊन उभी होते. बाबा दिसले. त्यांनी पांढरी टोपी घातली होती आणि हार दोन्ही हातांवर धरला होता, दळणाचा डबा धरतात तसा. ते प्रत्येक डब्यात पाहत होते. मी दुसऱ्या बाजूच्या दाराकडे गेले. हार धावणाऱ्या मुलीचा होता. गाडी हलली तेव्हा त्यांची टोपी मागे जाताना दिसली. बाई, हे त्यांना सांगू नका. या वेळी खरेच सांगू नका.

तुम्ही नाव मागितले. देते.

शर्यतीच्या दिवशी सकाळी अन्नम्मा मोरीतून बाहेर येत होती. उंबरा म्हणजे काय, चार बोटांचा. तिने नळ धरला आणि पाय हाताने उचलून अलीकडे ठेवला. मी पाहिले. मी पाहिले हे तिने पाहिले. ती खाटेवर बसली. पट्टी सोडून पुन्हा बांधायला लागली. डॉक्टरांसमोर ती आदल्या दिवशी हळू धावून दाखवून आली होती, आणि त्यांनी बरे आहे म्हटले होते.

मैदानावर सरांनी मला बाजूला घेतले. म्हणाले, तू तिच्या खोलीत राहतेस, तिचा पाय कसा आहे? खरे सांग. तू सांगशील तसे करतो.

माझ्या पायात स्पाइकचे, खिळ्यांचे बूट होते. अंग गरम होते. मला एक वाक्य बोलायचे होते. आणि त्याच वेळी तुमचे वाक्य आठवले. दुसरीकडून काढून घेतलेल्या जागेवर बसणारी मुलगी माझ्या वर्गातली नव्हे. ते पत्र मी पतियाळालाच फाडून टाकले होते, पण त्यातले ते वाक्य गेले नाही. मला दिसले की मी बोलले तर अन्नम्मा बाकावर बसेल, मी धावेन, आणि गावात शेषरावदादा पेपर उघडतील.

मी म्हटले, “ठीक है सर.”

मग चौघींनी स्वेटर काढले आणि माझ्याकडे दिले. शर्यतभर मी ते अंगाशी धरून मैदानात येणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी उभी होते. चारही गरम होते. अन्नम्मा धावली. शेवटी तिचे तोंड पाहवत नव्हते, पण दांडी तिने हातात दिली. नंतर जिन्यावरून मी तिला धरून आणले. तिने माझा हात दाबला, तेवढेच. दुसऱ्या दिवशी ती तिच्या लोकांबरोबर गेली.

म्हणजे कोणी बसवले नाही बाई. मीच बसले.

बेबी


देऊळघाट,
१५ जानेवारी १९८३

चि. बेबी,

तुझे पत्र वाचून मी दिवसभर खोलीबाहेर आले नाही. मूर्ख मुली! तुला सरांनी खरे विचारले होते. खरे सांगणे म्हणजे काढून घेणे नव्हे. लंगडणारी मुलगी धावली तर चौघींचे जाते, एकीचे नाही. हे तुला समजले नाही, कारण मी ते तुला समजू दिले नाही. एका कंपोजिटरने ओळ भरली, आणि मी, जिने आयुष्यभर पोरींना ‘वाचा मग बोला’ असे बजावले, मी न विचारता तुझ्यावर लाल शाई ओतली. तुझी शर्यत मी घालवली. अन्नम्माने नाही, सरांनी नाही. हे मी आता शेषरावांनाही सांगितले. तोंडावर. ते म्हणाले, “आता त्याचं काय करतं?”

काय करते ते सांगते. मी तुमच्या सरांना पत्र लिहायला घेतले आहे, इंग्रजीत. त्यांना कळू दे की त्या मुलीने पाय लपवला आणि तू तिला वाचवलेस. साप्ताहिकालाही देणार आहे, आणि या वेळी उकंडरावाच्या डोक्यावर उभी राहून छापून घेईन. तुझ्या वडिलांनी मान खाली घालून स्टेशनावरून परत का यावे? साऱ्या गावाला कळू दे तू काय केलेस ते. हे मला करू दे. माझ्यामुळे गेले, ते मलाच भरून द्यायचे आहे.

सरांचा पत्ता पाठव.

कोकिळा


नागपूर,
२३ जानेवारी १९८३

ती. बाईंना जयभीम.

पत्ता पाठवत नाही. ते पत्र तुम्ही टाकू नका.

अन्नम्माला त्या धावण्यावर रेल्वेत नोकरी मिळते आहे. तिच्या घरी तीन बहिणी आहेत. तुम्ही लिहिले तर तिचे जाईल आणि मला काही येणार नाही. आणि ती माझ्याकडे पाहून गप्प राहिली, मी तिच्याकडे पाहून गप्प राहिले, हे आमच्या दोघींतले आहे. ते उकंडरावांच्या ओळी भरायला नाही.

दुसरे. तुम्ही लिहिता, तुझी शर्यत मी घालवली. तुमचे वाक्य आठवले हे खरे. पण त्याच्या मागे अजून काही होते, ते मी मागच्या पत्रात लिहिले नाही. मला भीती वाटली. एवढे मोठे मैदान, एवढी माणसे, आणि घरी ओट्यावर ठेवलेला तुमचा रेडिओ. दांडी पडली तर? अन्नम्मा धावली आणि एका बाजूने मला सुटल्यासारखे झाले. हे मी कोणाला सांगितले नाही. आता सांगते, कारण तुम्ही सगळे आपल्या अंगावर घेत आहात. तुम्ही नेहमी घेता. शाळेत मी पहिली आले की तुम्ही पहिल्या येत होतात. आता मी धावले नाही, तर तेही तुम्हीच केले म्हणता. बाई, ‘ठीक है’ माझ्या तोंडून गेले. ते चुकले असेल तर माझे चुकले. तेवढे तरी माझे राहू द्या.

बाबांकडे संक्रांतीला जाऊन आले. त्यांना नांदुऱ्याचे मीच सांगितले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “मले दिसली होतीस तू. म्या म्हटलं, पोट्टीले उतराचं नाही तं काऊन हाका मारा?” आईने पुरणपोळी केली होती. तुमच्याकडे न येता गेले. तुमच्या खोलीत दिवा होता.

पुढच्या महिन्यात अकोल्याला विभागाच्या स्पर्धा आहेत. मी रिलेत नाव दिले नाही. चारशे मीटर एकटीने धावते आहे. अकोला तुम्हाला दूर नाही, आणि तुम्ही पहिल्या मोटारीने याल हे मला माहीत आहे. येऊ नका. तुम्ही दोरीपाशी उभ्या असल्या की मी तुमच्याकडे पाहत धावते. शाळेपासून तसेच. या वेळी मला पाहायचे आहे की कोणी नसताना मी कशी धावते.

राग मानू नका. मानला तरी चालेल.

बेबी


देऊळघाट,
३० जानेवारी १९८३

चि. बेबी हिस आशीर्वाद.

पत्र पोचले. सरांना लिहिलेले फाडले. साप्ताहिकाला काही दिले नाही.

अकोल्याला येत नाही. निकाल कळव, असेही लिहीत नाही.

कोकिळा मापारी